नाव घालण्याआधी विचारायचे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी-कोपरखैरण्याच्या सेक्टरांत, रहिवासी इमारतींच्या पहिल्या मजल्यावर प्रसूतिगृहांच्या पाट्या दिसतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाई इथे नाव घालते, म्हणजे बाळंतपणासाठी नोंदणी करते. फाइल बनते, सोनोग्राफीची तारीख मिळते, पॅकेजचा आकडा कळतो. बाळंतपण कसं करणार हा विषय मात्र नवव्या महिन्यावर ढकलला जातो. तोवर डॉक्टर बदलायला उशीर झालेला असतो, आणि कळा सुरू झाल्यावर कुणी काय विचारणार? म्हणून प्रश्न नाव घालतानाच विचारायचे.

आधी सिझरचं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, बाळ आडवं असेल, नाळ बाळाआधी बाहेर आली असेल, तर सिझर जीव वाचवतं. तिथे वाद नाही. पण ‘तुमच्याकडे सिझर किती होतात?’ असं मोघम विचारलं, तर ‘गरज असेल तरच करतो’ एवढंच उत्तर मिळतं.

नेमकं विचारा. गेल्या वर्षी दिवस भरलेल्या, पोटात एकच बाळ, डोकं खाली आणि कळा आपणहून आलेल्या पहिलटकरणी किती आल्या? त्यांतल्या किती जणींचं सिझर झालं? प्रसूतितज्ज्ञ डॉ. मायकेल रॉब्सन यांनी २००१ मध्ये बाळंतिणींचे जे दहा गट मांडले, त्यांतला हा पहिला गट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये हीच वर्गवारी वापरायला सांगितली. अवघड केसेस जिथे पाठवल्या जातात, तिथला एकूण आकडा मोठाच असणार. या गटाचा आकडा मात्र रुग्णालयाची सवय दाखवतो. आणि पहिलं सिझर टळणं फार मोलाचं असतं, कारण पुढच्या खेपेला बहुतेक ठिकाणी थेट सिझरचीच तारीख दिली जाते. खरं तर आधीच्या सिझरचा छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा असेल आणि बाकी अडचण नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या दहापैकी सहा ते आठ जणी नॉर्मल बाळंत होतात. गर्भाशयाचा जुना टाका उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक. तेवढ्यासाठी ऑपरेशन थिएटर आणि भूलतज्ज्ञ हाताशी हवेत.

इथेच पुढचा प्रश्न येतो: रात्री दोन वाजता इमारतीत कोण असतं? छोट्या प्रसूतिगृहांत डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ बऱ्याचदा फोनवरून बोलावले जातात, आणि एकेक डॉक्टर दोन-तीन ठिकाणी जातात. रात्री कळा घेणाऱ्या बाईजवळ थांबायला माणसं कमी असली, की संध्याकाळीच सिझर उरकणं सोयीचं वाटू लागतं. रक्त कुठून येणार आणि स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावतं का, हेही बघून घ्या.

काही कारणं ऐकली की थांबून आणखी विचारायचं. ‘नाळ मानेभोवती आहे’: हे साधारण चारपैकी एका बाळात आढळतं आणि ठोके चांगले असतील तर एवढ्यावरून सिझर होत नाही. ‘बाळ मोठं आहे’: सोनोग्राफीतलं वजन दहा-पंधरा टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणजे साडेतीन किलो सांगितलेलं बाळ तीन किलोचंही निघतं. ‘तोंड उघडत नाही’: गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं आणि किती वेळात? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींप्रमाणे जोरदार कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरतात आणि तासाला एक सेंटिमीटर ही सक्ती धरत नाहीत. तीन सेंटिमीटरला दाखल करून घड्याळ लावलं, तर ‘प्रगती नाही’ हा शेरा ठरलेलाच.

लेबर रूमचे नियमही आधीच विचारून ठेवा. कळा घेताना चालता येईल का? पाणी आणि हलकं खाणं चालेल का? नवरा किंवा आई शेवटपर्यंत जवळ राहील का? याच शिफारशींत या सगळ्याला होकार आहे, आणि योनीमार्गाला सरसकट छेद देऊन टाके घालण्याला आणि पोट दाबून बाळ ढकलण्याला नकार आहे. नाळ किमान एक मिनिट थांबून कापायची आणि बाळ ठीक असेल तर पहिला तासभर आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, हेही त्यांतच आहे.

पॅकेज लेखी घ्या. त्यात बालरोगतज्ज्ञ, भूल, औषधं आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवण्याचा रोजचा दर आहे का, ते पाहा. अनेक ठिकाणी खोलीचा दर्जा वाढला की त्याच ऑपरेशनचा दरही वाढतो. २०२१च्या सुधारित महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. भिंतीवर दिसली नाही तर काउंटरवर मागा. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझरसह बाळंतपण, औषधं, तपासण्या आणि रक्त मोफत मिळतं.

आता संमतीपत्र. दाखल होताना पुढे सरकवलेल्या छापील कागदावर ऑपरेशनच्या नावापुढची ओळ कोरी असते, तारीख आणि वेळही कोरी असते, आणि पेन नवऱ्याच्या हातात दिलं जातं. कोऱ्या ओळीवर सही करू नका. बाई सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती तिचीच. कारण, पर्याय आणि वेळ भरून झाल्यावर सही करा.

घरी जाण्याआधी केसपेपरच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. कळांची नोंद ठेवणारा तक्ता, म्हणजे पार्टोग्राफ, ऑपरेशनची टिप्पणी आणि बाळाच्या ठोक्यांची पट्टी यांत खरी हकिगत असते. तक्रारीची वेळ आली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जावं लागतं. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ठोक्यांची पट्टी थर्मल कागदावर छापलेली असते आणि काही महिन्यांत फिकी पडते. तिची झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो त्याच दिवशी काढून घ्या.