ऑनलाइन संशोधन-प्रदर्शनात प्रश्नांना जागा हवी

संशोधक विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि मार्गदर्शक सहकाऱ्यांनो,

विभागाचे संशोधन-प्रदर्शन ऑनलाइन भरवायचे ठरले की पहिली चर्चा व्हिडिओ किती मिनिटांचा असावा, फाइल किती मोठी चालेल आणि पोस्टरचा साचा कोणता याचीच होते. या गोष्टी ठरवाव्या लागतातच. पण आज मला बोलायचे आहे ते त्यांच्या मागे राहून जाणाऱ्या एका गोष्टीबद्दल. विद्यार्थी आपले अर्धेमुर्धे काम चारचौघांपुढे ठेवतो, ते त्यावर कुणीतरी प्रश्न विचारावा म्हणून. सभागृहात असा प्रश्न न बोलावता येतो. समोरून जाणारा, वेगळ्याच विषयात काम करणारा कुणी पोस्टरपाशी थबकतो, आलेखावर बोट ठेवतो आणि ‘हा बिंदू इतका वर का?’ असे विचारतो. पडद्यावर असे कुणी सहज थबकत नाही. तिथे प्रत्येक जण ठरवून, लिंक उघडून येतो आणि कंटाळा आला की कुणाच्या लक्षातही न येता निघून जातो. म्हणून ऑनलाइन प्रदर्शनाची सारी आखणी प्रश्नांभोवती व्हायला हवी, असा माझा आग्रह आहे.

हे माध्यम आपल्याकडे सावकाश, विचार करून आलेले नाही. अमेरिकन फिजिकल सोसायटी या भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेची मार्च महिन्यातली मोठी परिषद २०२० साली २ मार्चला डेन्व्हर येथे सुरू व्हायची होती. दहा हजारांहून अधिक लोक अपेक्षित असलेली ही परिषद सुरू व्हायला दोन दिवसही उरले नसताना कोरोनाच्या साथीमुळे रद्द झाली, आणि अनेक संशोधकांनी आपली भाषणे मिळेल त्या साधनाने ऑनलाइन सादर केली. त्या घाईत सभागृहातले साचे जसेच्या तसे पडद्यावर आले, आणि त्यातले बरेच अजून तसेच चालू आहेत.

पोस्टरचेच पाहा. ए-झीरो आकाराचा आडवा कागद ११८९ मिलिमीटर रुंद असतो, तर चौदा इंची लॅपटॉपचा पडदा साधारण ३१० मिलिमीटर. म्हणजे अख्खे पोस्टर एका नजरेत दिसावे म्हटले, तर ते जवळजवळ चौपट आक्रसते. छापील पोस्टरवर दोन पावलांवरून सहज वाचता येणारे २४ पॉइंटचे अक्षर पडद्यावर जेमतेम सहा पॉइंटचे उरते, आणि मोबाइलवर तर तो मजकूर केवळ करड्या पट्ट्यांसारखा दिसतो. पाहणारा मग एक कोपरा मोठा करून पाहतो, दुसरा कोपरा नजरेआड होतो आणि पद्धत व निष्कर्ष यांचा संबंध त्याला लागत नाही. ज्याला संबंधच लागला नाही, तो प्रश्न काय विचारणार? त्यापेक्षा तेच काम चार-पाच पडद्यांत विभागावे, प्रत्येक पडद्यावर एकच आलेख ठेवावा आणि त्या आलेखातून काय दिसते ते वर एका पूर्ण वाक्यात लिहावे. ‘निष्कर्ष’ एवढेच शीर्षक वाचकाला काहीही सांगत नाही.

आलेखाबद्दल थोडे अधिक बोलतो, कारण बहुतेक प्रश्न तिथूनच निघतात. अक्षांवर राशीचे नाव आणि एकक हवे, त्रुटीपट्ट्या, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा, कशाच्या आहेत हे लिहिलेले हवे, आणि दोन रेषांमधला फरक केवळ लाल-हिरव्या रंगांवर सोडलेला नसावा. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर बारांपैकी सुमारे एकाला या दोन रंगांत फरक करणे कठीण जाते. एक रेषा अखंड, दुसरी तुटक काढली की प्रश्न मिटतो. व्हिडिओला मथळे, म्हणजे बोललेले शब्द पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी, जोडाव्यात. ऐकू कमी येणाऱ्यांना त्यांचा उपयोग आहेच, शिवाय बोलणाऱ्याचा उच्चार नवखा वाटणाऱ्या प्रत्येकालाच आहे. मात्र आपोआप तयार झालेले मथळे स्वतः तपासल्याशिवाय ठेवू नयेत, कारण पारिभाषिक शब्दांची मोडतोड तिथेच सर्वाधिक होते.

आता व्हिडिओची लांबी. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली ‘थ्री मिनिट थीसिस’ ही प्रबंध थोडक्यात मांडण्याची स्पर्धा सुरू केली: तीन मिनिटे, एकच स्थिर स्लाइड, हाताशी दुसरे कोणतेही साधन नाही. ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायला नऊ तास लागतील, असे ते विद्यापीठ सांगते. त्या गतीने तीन मिनिटांत साडेचारशेहून कमी शब्द बसतात. या स्पर्धेच्या ऑनलाइन आवृत्तीत चित्रण एका दमात, कापाकापी न करता करावे लागते, आणि हा नियम मला फार मोलाचा वाटतो. पार्श्वसंगीत घालून, तुकडे जोडून केलेला व्हिडिओ गुळगुळीत होतो, पण त्यात विद्यार्थी कुठे अडतो आणि कोणत्या विधानावर त्याचा आवाज ठाम होतो हे कळत नाही. जाणकार श्रोता नेमके तेच टिपत असतो. त्या साडेचारशे शब्दांपैकी काही शब्द अजून न सुटलेल्या भागासाठी राखून ठेवा. ‘हे मोजमाप कमी तापमानाला का जुळत नाही, हे मला अजून उमगलेले नाही’ असे स्पष्ट सांगणाऱ्याला मदत करणारे भेटतात.

व्हिडिओ मात्र आधीच खुले करावेत आणि प्रत्यक्ष भेटीचा सगळा वेळ संवादाला द्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र ब्रेकआउट रूम, म्हणजे ऑनलाइन सभेतली वेगळी छोटी खोली, आणि ठरलेली वेळ द्यावी, तिथे व्हिडिओ पुन्हा दाखवू नये. प्रत्येक खोलीत पहिला प्रश्न विचारण्याची जबाबदारी आधीच कुणाकडे तरी सोपवावी, आणि ती व्यक्ती त्या उपविषयातली नसावी. म्यूट केलेल्या वीस चौकटींसमोर पहिला प्रश्न विचारायला धीर लागतो. एकदा तो आला की पुढचे आपसूक येतात. सूत्रसंचालकाने शांतता झाली म्हणून लगेच स्वतः बोलू नये, कारण प्रश्न टाइप करायलाही वेळ लागतो. ज्यांना बोलायचा संकोच आहे, त्यांना चॅटमध्ये लिहिता येते, ही सोय सभागृहात नव्हती. दूरच्या देशातले परीक्षकही प्रवास न करता येऊ शकतात; मात्र वेळापत्रक करताना त्यांच्याकडे किती वाजले असतील हे पाहावे लागते.

सहकाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. कुणालाही उघडता येणारी लिंक म्हणजे जाहीर प्रकटीकरण. युरोपीय पेटंट व्यवस्थेत अर्ज दाखल होण्याआधी असे प्रकटीकरण झाले, तर नावीन्याचा दावा सहसा टिकत नाही. अमेरिकेत शोधकर्त्याला स्वतःच्या प्रकटीकरणानंतर एका वर्षाची सवलत आहे. तेव्हा कोणता व्हिडिओ सर्वांसाठी खुला आणि कोणता विभागापुरता, हे विद्यार्थी आणि मार्गदर्शकांनी आधी बोलून ठरवावे. निर्णय विद्यार्थ्यावर एकट्यावर टाकू नये. जे खुले करायचे, ते झेनोडोसारख्या संशोधन-साहित्याच्या ऑनलाइन भांडारात ठेवावे. तिथे डीओआय हा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक मिळतो आणि विभागाचे संकेतस्थळ बदलले तरी तो दुवा चालू राहतो.

वेळेअभावी राहून गेलेले प्रश्न चॅट बंद होताच नाहीसे होतात, म्हणून ते आधी उतरवून घ्यावेत. विद्यार्थ्याने आठवडाभरात त्यांची लेखी उत्तरे द्यावीत आणि ती त्याच्या पोस्टरखालीच, विचारणाऱ्याच्या संमतीने त्याच्या नावासह जोडावीत. ज्याचे उत्तर सापडत नाही, तिथे तसे नोंदवावे. पुढच्या वर्षी त्या विषयात दाखल होणाऱ्याला काम कुठून सुरू करायचे ते त्या नोंदीतून कळेल.