थेंबही न चाखलेले मेंदू

पिंजरा एक, बाटल्या दोन. एकीत पाणी, दुसरीत १० टक्के अल्कोहोल मिसळलेलं पाणी. खाणं हवं तेवढं, जबरदस्ती कसलीच नाही. हा उंदीर पाण्याची नळी हुंगतो आणि थेट दुसरीकडे वळतो.

शेजारच्या पिंजऱ्यातला मात्र त्या बाटलीकडे फिरकतही नाही.

दोघांचं मूळ एकच, विस्टर जातीचे पांढरे उंदीर. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात टिंग-काई ली, लॉरेन्स लुमेंग आणि सहकाऱ्यांनी त्यांची निवड सुरू केली. बाटल्यांची वजनं करायची. शरीराच्या किलोमागे दिवसाला ५ ग्रॅमहून जास्त अल्कोहोल पिणाऱ्या नर-माद्यांच्या जोड्या लावायच्या. अगदी कमी पिणाऱ्यांच्या जोड्या वेगळ्या. पिलं मोठी झाली की त्यांच्यापुढे पुन्हा त्याच दोन बाटल्या. वजनं, नोंदी, जोड्या, पुन्हा पिलं. असं करत पिढ्या गेल्या आणि दोन घराणी उभी राहिली: पिणारं ‘पी’, न पिणारं ‘एनपी’. चिली, फिनलंड आणि इटलीतल्या सार्डिनिया बेटावरही अशी घराणी निपजली, तेव्हा हा एका प्रयोगशाळेतला योगायोग नाही.

आता मेंदूचे काप. त्यासाठी उंदरांचा जीव घेतला जातो. कापांतला आरएनए, म्हणजे कामात असलेल्या जनुकांच्या नकला, एका चिपवर सोडतात. चिपवर प्रत्येक जनुकासाठी ठिपका असतो. ठिपका जितका उजळ, तितकं ते जनुक कामात. दोन घराण्यांचे कितीतरी ठिपके जुळत नाहीत.

आणि ज्यांचे हे मेंदू, त्या उंदरांनी अल्कोहोलचा थेंबही चाखलेला नव्हता! फरक पिण्याआधीच तिथे होता. व्यसनी माणसाला ‘मनाचा कच्चा’ म्हणण्याआधी हे ठिपके पाहायला हवेत.

मेंदूतल्या अमिग्डालात भीती आणि ताण हाताळला जातो. तिथे ताण निवळवणारं न्यूरोपेप्टाइड-वाय हे रसायन ‘पी’ उंदरांत कमी आढळलं. त्याचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर, पिण्याच्या ओढीशी जोडलेल्या भागातच आहे. २०१३ मध्ये आणखी एक दुवा हाती लागला. ‘पी’ उंदरांच्या जीआरएम-२ या जनुकात मध्येच थांबण्याची खूण आहे, त्यामुळे ग्लुटामेट या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचा एक ग्राहक (रिसेप्टर) तयारच होत नाही. हे जनुक बंद केलेले छोटे उंदीर, म्हणजे माउस, जास्त अल्कोहोल प्यायले.

माणसाच्या व्यसनामागे जनुकं अनेक, शिवाय घर, वय, संगत. तरी ‘पी’ उंदरांचं पिणं कमी करणारं नाल्ट्रेक्सोन हे औषध आज डॉक्टर व्यसनाच्या रुग्णांनाही देतात.