लांबलेलं जनुक, लांबलेला क्यूटी

एफएलटी३ हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे. रक्ताच्या मूळपेशींच्या पृष्ठभागावर बसणारा एक ग्राही त्यापासून बनतो. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या, म्हणजे एएमएलच्या, साधारण चारांतल्या एका रुग्णात या जनुकाच्या चौदाव्या एक्झॉनच्या (प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागाच्या) आसपासचा एक तुकडा लगेच शेजारी पुन्हा एकदा छापला गेलेला असतो. याला आयटीडी म्हणतात, म्हणजे इंटर्नल टँडेम ड्युप्लिकेशन. जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये त्याची पहिली नोंद केली. आज या एका तुकड्याचा माग काढत आपल्याला अलाइनरपासून, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे संदर्भाशी जुळवणाऱ्या प्रोग्रामपासून, ईसीजीच्या कागदापर्यंत जायचं आहे. समोर प्रोग्रामर आहेत, रक्तविकारतज्ज्ञ आहेत, हृदयरोग विभागातले लोकही आहेत. तेव्हा प्रत्येकाला थोडा वेळ तरी स्वतःला पाठ असलेलंच ऐकावं लागेल. माझं म्हणणं एवढंच आहे, की या वाटेवर उपचार ज्या आकड्यांवर ठरतो ते आकडे यंत्रं आपल्या ठरलेल्या सेटिंगने काढून देतात, आणि ती सेटिंग नेमकी आपल्याला हवी ती गोष्ट झाकते.

आधी जीवशास्त्र, थोडक्यात. ग्राहीचा पेशीच्या आतला, पडद्याला लागून असलेला पट्टा दाराच्या कडीसारखं काम करतो. बाहेरून संदेश येत नाही तोवर ही कडी किनेझ भागाला, म्हणजे पेशीत पुढे संदेश धाडणाऱ्या एन्झाइमला, बंद ठेवते. आयटीडीमुळे हा पट्टा लांबतो, कडी खाचेत बसत नाही आणि ग्राही संदेशाविनाच चालू राहतो. मग स्टॅट५सारखी प्रथिनं सतत जागी राहतात आणि पेशी वाढत सुटते. दुबार झालेला तुकडा तीन बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) असू शकतो, चारशेहून मोठाही असू शकतो. पण लांबी जवळजवळ नेहमी तीनच्या पटीत असते, कारण तीन-तीन अक्षरांनी वाचायची चौकट मोडली तर पुढचं किनेझच तयार होणार नाही आणि पेशीला काही फायदा नाही. हे सॉफ्टवेअरवाल्यांनी लक्षात ठेवावं. तुमच्या प्रोग्रामने ५९ बेसचा आयटीडी सांगितला, तर बहुधा सीमारेषा एका बेसने चुकली आहे किंवा सांध्यावर घुसलेले एक-दोन उपरे बेस मोजायचे राहिले आहेत.

आता अलाइनरकडे येऊ. हा भाग मी मुद्दाम सावकाश घेणार आहे.

१५० बेसचा एक रीड, म्हणजे यंत्राने सलग वाचलेला डीएनएचा तुकडा, घ्या आणि त्यात ६० बेसचा आयटीडी आहे असं समजा. रीडची रचना अशी: डावीकडे १५ बेस, मग ६०चा मूळ तुकडा, मग तोच ६०चा तुकडा पुन्हा, मग उजवीकडे १५ बेस. हा रीड बीडब्ल्यूए-मेम या अलाइनरला दिला. त्याचे गुण ठरलेले आहेत: बेस जुळला तर १ गुण मिळतो, गॅप (जुळणीतला खंड) उघडली की ६ गुण जातात, शिवाय गॅपमधल्या प्रत्येक बेसला १, आणि रीडचं टोक जुळवायचं सोडून दिलं, म्हणजे सॉफ्ट-क्लिप केलं, तर दंड ५. प्रामाणिकपणे जुळणी केली तर जुळलेले ९० बेस, त्यातून ६६ वजा, हातात २४ उरतात. उलट पहिले ७५ बेस जुळवून बाकीचे ७५ सोडून दिले तर ७५ गुण. पाचाचा दंड धरला तरी ७०. अलाइनर काय निवडेल हे उघड आहे. बॅम फाइलमध्ये, म्हणजे जुळणीच्या नोंदीत, त्या रीडपुढे ७५एम७५एस (७५ जुळवले, ७५ सोडले) असं उमटतं. शंभराहून मोठ्या तुकड्याचं तर विचारूच नका. तो ज्या पट्ट्यात जुळणी शोधतो त्या बँडची मूळ रुंदीच १०० असल्याने तेवढी मोठी गॅप तो शोधायलाच जात नाही.

म्हणजे लहान आयटीडी सुरक्षित, असंही नाही. २१ बेसचा आयटीडी रीडच्या बरोबर मध्ये आला, तर १२९ वजा २७ म्हणजे १०२ गुण मिळतात. क्लिप केल्यास ७५. इथे गॅप जिंकते आणि आयटीडी नोंदला जातो. पण तोच तुकडा रीडच्या टोकाकडे सरकला आणि उजवीकडे फक्त १० बेस उरले, तर गॅपचे तेच १०२ आणि क्लिपचे ११९. पुन्हा क्लिप. परिणाम असा, की आयटीडी सापडतो खरा, पण त्याचे अर्धेअधिक साक्षीदार मोजणीत येतच नाहीत आणि टक्केवारी खोटीच कमी दिसते. माझ्या मते हे साफ न सापडण्यापेक्षा वाईट, कारण अहवालात आकडा असला की कुणी मागे वळून बघत नाही.

साधे व्हेरिएंट कॉलर, म्हणजे जनुकातले बदल शोधणारे प्रोग्राम, ‘एस’च्या भागाकडे बघत नाहीत. माणसाने डोळ्यांनी बघायचं म्हटलं, तर जुळलेले रीड पडद्यावर दाखवणाऱ्या आयजीव्हीमध्ये सॉफ्ट-क्लिप झालेले बेस मूळ सेटिंगमध्ये लपवलेले असतात. प्राधान्यांच्या यादीत जाऊन तो पर्याय चालू करा. मग एक्झॉन १४ उघडल्यावर दोन रंगीत कडा दिसतील: एका जागी रीड उजव्या अंगाने तुटलेले, त्याच्या थोडं डावीकडे दुसऱ्या जागी रीड डाव्या अंगाने तुटलेले. या दोन कडांमधलं अंतर म्हणजे दुबार तुकड्याची लांबी. उजवीकडे तुटलेल्या रीडचे लोंबते बेस वाचा; ते डाव्या कडेपासून सुरू होणाऱ्या मूळ तुकड्याशी जुळले, तर तो आयटीडीच.

उपाय आहेत. त्या जागेचे रीड नव्याने जोडून बघणारे म्युटेक्ट२सारखे कॉलर, तुटलेल्या रीडचा माग काढणारं पिंडेल, किंवा खास याच कामासाठी लिहिलेलं गेटआयटीडी. पण साधन कुठलंही घ्या, पाइपलाइन पडताळताना ३० बेसचा, ६०चा आणि शंभराहून मोठा असे तिन्ही प्रकारचे माहीत असलेले नमुने त्यातून गेले पाहिजेत. नुसत्या एकबेसी बदलांवर पडताळलेली पाइपलाइन इथे काहीच सिद्ध करत नाही. आणखी एक नेहमीची चूक: अँप्लिकॉन पद्धतीच्या (पीसीआरने ठरावीक तुकडे वाढवून वाचणाऱ्या) पॅनलवर ड्युप्लिकेट काढायची पायरी चालवणं. तिथे सगळे रीड एकाच प्रायमरपासून सुरू होतात, म्हणजे सगळेच एकमेकांचे ड्युप्लिकेट दिसतात, आणि हजारो रीडची खोली मूठभर रीडवर येते.

या सगळ्यामुळेच जुनी केशनलिका पद्धत अजून टिकून आहे. रंगीत प्रायमरने पीसीआर करायचा आणि तुकडे लांबीनुसार धावू द्यायचे. मूळ जनुकाचं शिखर साधारण ३३० बेसवर येतं, ६०चा आयटीडी असेल तर दुसरं शिखर ३९०वर. दोन्ही शिखरांच्या क्षेत्रफळांचा भागाकार म्हणजे अ‍ॅलेलिक रेशो. इथे दोन घोटाळे होतात. पीसीआरला आखूड तुकडा सोपा जातो, म्हणून लांब आयटीडी कमी दिसतो. आणि मूळ शिखर इतकं उंच झालं की डिटेक्टर भरून गेला, तर त्याचा माथा सपाट होतो, क्षेत्रफळ कमी भरतं आणि रेशो खोटाच वाढतो. सपाट माथा दिसला की नमुना पातळ करून पुन्हा चालवा. रेशो आणि टक्केवारी यांची गल्लतही सर्रास होते. रेशो ०.५ म्हणजे ३३ टक्के; ५० टक्के म्हणजे रेशो १. रेशो एकाच्या वर गेला तर दचकू नका, पेशींनी मूळ प्रत गमावली असावी. युरोपियन ल्युकेमियानेटच्या २०१७च्या शिफारशींत ०.५ ही सीमारेषा होती. २०२२च्या शिफारशींत ती काढून टाकून आयटीडी असलेले रुग्ण रेशो न बघता मध्यम जोखमीत घातले. हे बरंच झालं. प्रयोगशाळागणिक बदलणाऱ्या आकड्यावर प्रत्यारोपणाचा निर्णय टांगणं धोक्याचंच होतं.

त्याच जनुकातला दुसरा बदल ८३५व्या कोडॉनवर (तीन अक्षरांच्या शब्दावर) होतो. तो ओळखायची जुनी युक्ती सुरेख आहे. ८३५ आणि ८३६ हे दोन कोडॉन शेजारी लिहिले की जीएटीएटीसी अशी अक्षरं येतात, आणि इकोआर-फाइव्ह हे एन्झाइम नेमकं तिथेच कापतं. दोहोंतलं एकही अक्षर बदललं की कात्री चालत नाही. अखंड राहिलेला तुकडा म्हणजे बदल झालेलं जनुक. मात्र एन्झाइम जुनं असेल किंवा वेळ कमी दिला असेल तर निरोगी डीएनएही अखंड राहतो. म्हणून कापलं गेलंच पाहिजे असा नियंत्रण नमुना प्रत्येक वेळी सोबत चालवायचा.

या दुसऱ्या बदलाची उठाठेव औषधासाठी. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने एफएलटी३ रोखणाऱ्या तीन औषधांना मान्यता दिली: मिडोस्टॉरिनला एप्रिल २०१७, गिल्टेरिटिनिबला नोव्हेंबर २०१८ आणि क्विझार्टिनिबला जुलै २०२३ मध्ये. क्विझार्टिनिब किनेझच्या बंद अवस्थेलाच चिकटतं. ८३५चा बदल ती बंद अवस्था टिकू देत नाही, म्हणून तिथे हे औषध लागू पडत नाही, गिल्टेरिटिनिब पडतं. आजार उलटला की दोन्ही तपासण्या नव्याने करायच्या, कारण उपचाराच्या दडपणाखाली पेशींची वस्ती बदललेली असते. निदानाच्या वेळचा कागद तेव्हा उपयोगाचा नाही.

क्विझार्टिनिबच्या चाचणीत, क्वांटम-फर्स्टमध्ये, ५३९ रुग्ण होते. मध्यम आयुर्मान १५.१ महिन्यांवरून ३१.९ महिन्यांवर गेलं. फायदा मोठा आहे. किंमत हृदयाला मोजावी लागू शकते. औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा आहे: क्यूटी (ईसीजीवर क्यू लाटेपासून टी लाटेच्या शेवटापर्यंतचा वेळ) लांबतो, टॉर्साड (ठोक्यांची जीवघेणी गडबड) होऊ शकतो, हृदय थांबू शकतं.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्वपदावर येते. त्याला मुख्य वाटा दोन, एक वेगवान आणि एक संथ. ल्युकेमियाच्या वॉर्डातली बरीच नेहमीची औषधं, म्हणजे उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, तापासाठी लेव्होफ्लॉक्सासिन, वेगवान वाट अडवतात. तेव्हा संथ वाट सावरून घेते. क्विझार्टिनिब ही संथ वाटच अडवतं. म्हणून ‘ऑन्डान्सेट्रॉन तर आम्ही रोज देतो’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. बुरशीसाठी पोसॅकोनॅझोल सुरू असेल तर आणखी एक गाठ पडते: ते यकृतातलं सीवायपी३ए हे औषध मोडणारं एन्झाइम रोखतं आणि क्विझार्टिनिबची रक्तातली पातळी चढते. माहितीपत्रकाप्रमाणे अशा वेळी ३५.४ मिलिग्रॅमचा रोजचा डोस १७.७वर आणायचा. पोसॅकोनॅझोल बंद केल्यावर डोस परत वाढवायचा, हे मात्र विसरलं जातं.

आता क्यूटी मोजू. रुग्णाला ताप आहे, हिमोग्लोबिन कमी आहे, नाडी ११०. क्यूटी भरला ३६० मिलिसेकंद. दोन ठोक्यांमधलं अंतर ६० भागिले ११०, म्हणजे ०.५४५ सेकंद. क्यूटी नाडीच्या गतीप्रमाणे बदलतो, म्हणून तो गतीनुसार दुरुस्त करावा लागतो. बॅझेटचं सूत्र क्यूटीला या अंतराच्या वर्गमूळाने भागतं: उत्तर ४८७. फ्रिडेरिशियाचं घनमूळाने भागतं: उत्तर ४४१. दोन्ही सूत्रं १९२०ची. क्विझार्टिनिब सुरू करायची मर्यादा ४५०, आणि ती फ्रिडेरिशियाने मोजलेली. बहुतेक ईसीजी यंत्रं मात्र सांगितल्याशिवाय बॅझेटच छापतात. म्हणजे छापील आकड्यावर विसंबलात तर औषध नाहक अडतं. नाडी ५० आणि क्यूटी ४९० असेल तर पारडं उलटतं: बॅझेट ४४७ सांगतो, फ्रिडेरिशिया ४६१, आणि धोका झाकला जातो.

मोजताना ईसीजीतल्या लीड दोनची किंवा व्ही५ची नोंद घ्या. टी लाटेच्या उतरत्या बाजूला सर्वांत तीव्र उतारावर स्पर्शरेषा ओढा. ती आधाररेषेला जिथे छेदते तिथे क्यूटी संपतो. मागून येणारी यू लाट धरायची नाही. २५ मिलिमीटर वेगाच्या कागदावर एक लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे एका चौकोनाच्या चुकीने रुग्ण ४५० वरून थेट ४९० वर जातो. फ्रिडेरिशियाने मोजलेला आकडा ५००च्या वर गेला की औषध थांबवायचं, ४५०च्या खाली आल्यावर कमी डोसने परत सुरू करायचं. उपचार चालू असताना किमान आठवड्याला एक ईसीजी. देखभालीच्या टप्प्यात हे किमान पहिला महिना आणि डोस वाढवल्यावर. पोटॅशियम, मॅग्नेशियम ईसीजीच्या आधी बघा. जुलाब आणि अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध, दोन्ही एकत्र असले तर दोन्ही क्षार झपाट्याने खाली येतात, आणि मॅग्नेशियम भरल्याशिवाय पोटॅशियम वर चढत नाही.

टॉर्साड झालाच तर? मॉनिटरवर पीळ घातलेल्या दोरीसारख्या लाटा दिसतात. नाडी लागत नसेल तर लगेच शॉक, तोही सिंक्रोनाइझ न करता. सिंकचं बटण दाबलेलं राहिलं तर यंत्र आर लाट शोधत बसतं आणि शॉक सुटतच नाही. नाडी असेल तर मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम शिरेतून, रक्तातलं मॅग्नेशियम नॉर्मल असलं तरी. पोटॅशियम ४.५ ते ५च्या दरम्यान आणायचं. हळू ठोक्यामागून हा झटका पुन्हा पुन्हा येत असेल तर तात्पुरत्या पेसिंगने (बाहेरून वीज देऊन ठोके चालवून) गती ९० ते ११० ठेवायची, कारण गती वाढली की क्यूटी आखडतो. सवयीने अमिओडॅरोनकडे हात जातो, तो आवरा. ते स्वतःच क्यूटी लांबवतं. टॉर्साड झालेल्या रुग्णाला क्विझार्टिनिब पुन्हा द्यायचं नसतं. शेवटची गोळी काल घेतली होती म्हणून आज धोका टळला, असंही नाही. या औषधाचं अर्धायुष्य तासांत नव्हे, दिवसांत मोजावं लागतं, आणि मॉनिटरच्या तारा तेवढे दिवस छातीवरच राहू द्यायच्या.