मत बदलतं ते कधी?

श्रोतेहो, नमस्कार. निवडणुका आल्या की पारावर, लोकलमध्ये, घरी जेवताना तावातावाने वाद होतात. पण 'वादात हरलो, म्हणून माझं मत बदललं' असं कबूल करणारा कुणी तुम्हाला भेटलाय? मला तरी नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये डेन्ट्रीचं पर्जन्यवन थेट समुद्राला भिडतं. १९८३ साली तिथे बुलडोझर लावून ब्लूमफील्डचा कच्चा रस्ता काढायला घेतला. आंदोलक आडवे आले, आणि भांडण वर्षानुवर्षं धुमसत राहिलं. रस्ता पक्का करायचा, तसाच ठेवायचा, की बंद करायचा? २००० साली त्या भागातल्या १२ सामान्य नागरिकांना चार दिवस यावर विचार करायला बसवलं. त्यांनी रस्ता पाहिला, जाणकारांना प्रश्न विचारले, माहिती वाचली. आपसातली चर्चा त्यानंतर. रॉबर्ट गुडिन आणि सायमन निमायर या अभ्यासकांनी त्यांची मतं सुरुवातीला, माहिती मिळाल्यावर आणि शेवटी नोंदवली. मतं सरकली ती मुख्यतः पाहण्या-वाचण्याच्या टप्प्यात, ज्याचं त्याच्या मनात. चर्चेने त्यात थोडीच भर घातली.

आता बारा माणसांवरून जगाचा नियम काढू नये. शिवाय, पुढे चारचौघांत बोलायचंय हे ठाऊक असलं की माणूस वाचतोही नीट!

आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. मला त्याहून मोलाचा वाटतो तो तिथला अभ्यासगट. तिथे विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचं. निर्णय मात्र घ्यायचा नाही. तो ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. एखाद्याला पटलं नाही, तर विषय थांबतो. वेळ जातो खरा, पण ज्याला पटलेलं नाही त्याला विचार करायला सवड मिळते. याच गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला.

शहरात अशी सवड कुठली? कायद्याने मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. भोंगे थांबतात, मोबाइल थांबत नाही. त्या दोन दिवसांत मी तरी फोन बाजूला ठेवून माझ्या मतदारसंघातल्या उमेदवारांची शपथपत्रं वाचणार आहे. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण, सगळं त्यांनीच लिहून दिलेलं असतं, आणि निवडणूक आयोग ते सर्वांसाठी खुलं ठेवतो. नमस्कार.