दोन तासांचं घड्याळ

(रात्र. रस्त्यावर आडवे लावलेले बॅरिकेड. लाल-निळा दिवा गरगरतोय.)

रात्रीचा पाऊण. नाकाबंदी.

"काच खाली घ्या." हवालदार आधी काही विचारत नाही, नुसता खिडकीशी वाकतो. मग प्लास्टिकची नवी नळी काढतो, तिचं पाकीट चालकाच्या डोळ्यांदेखत फोडतो आणि यंत्राला लावतो. "फुंका. लांब फुंका. अजून... थांबू नका." चालक गाल फुगवतो, पण हवा काही सोडत नाही. हवालदाराने हे नाटक हजारदा पाहिलंय. तिसऱ्या फुंकेला यंत्र वाजतं. आकडा येतो, 64.

"साहेब, दोनच घेतले होते."

आणि लगेच पुढचा प्रश्न, "किती होतात?" म्हणजे दंड किती, इथल्या इथे मिटवून टाकू. हेल्मेटचं मिटतं, सिग्नलचं मिटतं. मोबाइलवर चलान येतं, पैसे भरले की विषय संपला. दारूचं तसं नाही. तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांची यादी मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 मध्ये आहे, आणि त्या यादीत दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम 185 नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे ती चढावीच लागते.

(यंत्राच्या पडद्यावरचा आकडा, जवळून.)

कलम 185 ची मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. इंग्लंडमध्ये ती 80 आहे. 30 म्हणजे किती, याचा हिशोब बसल्या जागी करता येतो. व्हिस्कीचा 60 मिलिलिटरचा एक मोठा पेग म्हणजे साधारण 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. 70 किलोच्या माणसाने तो रिकाम्या पोटी घेतला, तर रक्तातला आकडा 40 च्या आसपास जातो. एकाच पेगमध्ये. शरीर तो उतरवतं तासाला सरासरी 15 मिलिग्रॅम, आणि लिंबू, ताक, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. रात्री एकला 150 असेल, तर सकाळी सहालाही 75 उरतात. झोप झालेली असते, दाढी झालेली असते, माणूस स्वतःला ठणठणीत समजत असतो.

आता शिक्षा. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड होता 'दोन हजारांपर्यंत'. दुरुस्तीने नुसती रक्कम वाढवली नाही, दंडापुढचा 'पर्यंत' हा शब्दच काढून टाकला. कैदेपुढचा 'पर्यंत' मात्र तसाच आहे, आणि वकिलांची सगळी कसरत चालते ती त्या एका शब्दावर.

दोष सिद्ध झाला की कोर्टाला आणखी एक आदेश द्यावाच लागतो. किमान सहा महिने गाडी चालवायला मनाई. खरी चपराक ही आहे, आणि ती सगळ्यांना सारखी बसत नाही. हॉटेलचं बिलच ज्याचं दहा हजारांचं झालं, तो दंड भरून टॅक्सीने घरी जातो. रिक्षावाल्याची किंवा ट्रक ड्रायव्हरची सहा महिन्यांची चूल बंद होते. कायद्याच्या पुस्तकात दोघांचं कलम एकच.

जाता जाता कलम 188 सांगायला हवं, कारण ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. प्यालेल्याला गाडी चालवायला चिथावणी दिली, मदत केली, तर त्यालाही तीच शिक्षा. "जा रे, काही होत नाही" म्हणणाऱ्या मित्रांनी हे ऐकून ठेवावं.

(सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. भिंतीवरचं घड्याळ.)

अटक झाली की घड्याळ सुरू होतं. दोन तास. तेवढ्या वेळात नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर माणसाला सोडून द्यावं लागतं. कलम 202 तसं स्पष्ट सांगतं. एरवी इंजेक्शनच्या आधी दंडाला स्पिरिट चोळतात. इथे तपासणीसाठी रक्त काढताना ते चालत नाही, कारण स्पिरिट म्हणजेच अल्कोहोल. कातडी दुसऱ्या कशाने तरी पुसायची. कुपीत आधीच सोडियम फ्लोराइड असतं, म्हणजे रक्त आंबून आकडा बदलू नये. मग लाखेचं सील, सही आणि प्रयोगशाळेचा रस्ता.

एवढा खटाटोप लागतोच. तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या, एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असं धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1971 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटलं होतं. म्हणून सगळी मदार त्या कुपीवर. फुंकायलाच नकार दिला तर तो नकार कलम 205 खाली आरोपीच्या विरोधात धरता येतो, पण नकार म्हणजे आकडा नव्हे.

जुलै 2024 मध्ये वरळीत मासे घेऊन घरी निघालेल्या जोडप्याला गाडीने उडवलं. पत्नी गेली. चालवणारा सापडला दोन दिवसांनी. तासाला 15 च्या हिशोबाने तोवर रक्तात काय उरणार? त्याआधी मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. अल्पवयीन आरोपीला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, त्यावर देशभर गहजब झाला. मला जास्त गंभीर वाटला तो दुसरा आरोप, रक्ताचा नमुनाच बदलल्याचा. त्यासाठी डॉक्टरांना अटक झाली.

(पहाट. समुद्रकाठचा रस्ता, रिकामा फुटपाथ.)

कुपी जागेवर राहिली तर काय होतं, ते वांद्र्याच्या कार्टर रोडने दाखवलं. 12 नोव्हेंबर 2006 ची पहाट. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढली. सात ठार, आठ जखमी. चालकाच्या रक्तातला आकडा होता 112. सत्र न्यायालयाने हा निष्काळजीपणा मानला आणि सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षं दिली, आणि जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आज भारतीय न्याय संहितेत हीच दोन दारं आहेत. निष्काळजीपणाचं कलम 106, पाच वर्षांपर्यंत. सदोष मनुष्यवधाचं कलम 105, जिथे परिणामांची जाणीव असताना केलेल्या कृत्यालाही दहा वर्षांपर्यंत कैद आहे. सहा महिने आणि तीन वर्षं, यांमधला फरक मोजायला सात घरांना पाच वर्षांहून जास्त थांबावं लागलं.

(पुन्हा नाकाबंदी. दीड वाजतोय.)

64 आकडेवाला अजून इथेच आहे. मेडिकलला न्यायला पोलिसांची जीप येतेय. हवालदार म्हणतो, "गाडी न्यायला कुणाला तरी बोलवा. न प्यालेला हवा."

तो मोबाइलमध्ये नावं खालीवर करत राहतो. एवढ्या रात्री जागे असतील असे सगळे त्याच टेबलावर होते.