एकच ट्यूब, सगळ्या घराला

नमस्कार श्रोतेहो.

खानापूर भागात भाताची रोपलावण सुरू झाली की माझ्या दवाखान्यातली गर्दी बदलते. बाकावरचा माणूस आधी इकडंतिकडं बघतो, कुणी बघत नाही असं वाटलं की मांडी खाजवतो. आत आल्यावर खिशातनं पिळून पिळून चपटी केलेली ट्यूब काढतो. "हेच लावलो की ओ डॉक्टर. चार दिवस कमी आलं, परत उठलं." पुढं कळतं, तीच ट्यूब बायकोला, पोराला आणि म्हातारीच्या तळपायालाही लावून झालीय.

पावसाळ्यात आपल्याकडं कपडा धड वाळत नाही. दमट जीन्स अंगावरच सुकते आणि जांघेत, कमरेला, पट्टा आवळतो तिथं बुरशी धरते. हाच नायटा; कुणी गजकर्ण म्हणतं. कड लाल, उचललेली, मधला भाग बरा झाल्यासारखा. दुकानातनं आणलेल्या मिश्र मलमात बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड असतं. त्यानं खाज झटकन थांबते, कारण कातडीचा प्रतिकारच गप्प बसतो. बुरशीला रान मोकळं. मग चट्टा पसरतो, कातडी पातळ होते, मांडीवर भेगांसारखे पट्टे उमटतात, आणि ते पुसले जात नाहीत. स्टिरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम 2018 साली आला. नियम आहे, आणि ट्यूबही मिळते.

नायट्याला नुसतं बुरशीचं औषध लागतं, तेही कित्येक आठवडे. डाग दिसेनासा झाला तरी पुढं दोन आठवडे लावायचं. इथंच सगळे कंटाळतात.

पण प्रत्येक लाल डाग म्हणजे नायटा नव्हे. एक काका दरवर्षी तोंड काळवंडून, खाजवून सोलून यायचे. "ऊन सोसत नाही मला," म्हणायचे. मी म्हटलं, काका, हनुवटी वर करा. हनुवटीखाली, कानामागं, पापण्यांवरही तेच पुरळ. ऊन तिथं पोचतं कुठं? पोचते ती हवा, आणि हवेतनं उडणारी काँग्रेस गवताची भुकटी. 1955 च्या सुमारास पुण्याकडं दिसलेलं हे गवत आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. काका ते उघड्या हातांनी उपटायचे आणि वाळल्यावर जाळायचे. उपटायचं तर फुलं धरायच्या आधी, हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून. आणि ज्याला त्रास आहे त्यानं नाहीच, दुसऱ्याला सांगावं.

रात्री अंथरुणात खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुटकुळ्या येतात आणि घरात आणखी एक-दोघं खाजवतायत, तर ती खरूज. बारीक किडा असतो तो, कातडीत बीळ करतो. एकट्यानं औषध लावून उपयोग नाही. सगळ्या घरानं एकाच रात्री, गळ्यापासून तळपायापर्यंत, आणि आठवड्यानं पुन्हा. कपडे उन्हात टाका म्हणावं तर ऊन कुठाय? पिशवीत घट्ट बांधून चार दिवस बाजूला ठेवा, अंगाबाहेर तो किडा तेवढा टिकत नाही.

अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आमसुलाचं पाणी लावतात. लावा, गार वाटतं. पण ओठ सुजले, श्वास अडकला तर आमसूल शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

नागिणीचंही तसंच. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे खरं नाही. कांजिण्यांचाच विषाणू नसेत दडून राहिलेला असतो, तो अंगाच्या एकाच बाजूला उठतो. गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर चांगला उपयोग होतो, आणि ते तीन दिवस बहुतेकांचे मंत्र घालण्यात जातात.

आणि हो, दवाखान्यात येताना ती चपटी ट्यूब लाजून फेकून देऊ नका. बरोबर आणा. त्यावरची बारीक अक्षरं मला वाचायची असतात.