थंडीतला हॅलोविन आणि घरी शिवलेलं घुबड

नमस्कार श्रोतेहो. ऑक्टोबर संपत आला की मिनेसोटातल्या आपल्या मराठी घरांतही मुलांचा एकच धोशा सुरू होतो, "यंदा मी काय होणार?" 31 तारखेला, हॅलोविनच्या संध्याकाळी दारोदार चॉकलेटं मागत हिंडायचं, तर सोंग हवंच! पण इथं सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि गारठा झोंबू लागतो. 1991 साली तर याच दिवशी बर्फाचं वादळ सुरू झालं आणि मिनियापोलिसमध्ये 28 इंचांहून जास्त बर्फ पडला.

दुकानातले तयार पोशाख बहुतेक पातळ, झुळझुळीत असतात. पोर वाघ होऊन निघतं आणि दारातच आई वरून जाडजूड जॅकेट चढवते. वाघ गेला आत! पोराचा चेहरा पडतो, तो मला बघवत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की आधी जॅकेट कपाटातून बाहेर काढा, मापं त्याच्यावरून घ्या आणि सोंग त्याच्यावर चढेल इतकं ऐसपैस शिवा.

घुबडच घ्या ना. मोठ्या माणसाचा जुना, टोपीवाला स्वेटशर्ट आणि फ्लीसचे, म्हणजे मऊ, उबदार कृत्रिम कापडाचे, तुकडे एवढ्यावर काम भागतं. फ्लीसचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कडा दुमडत बसायला नको. तळहाताएवढी पिसं कापा, तपकिरी, करडी, मधूनच एखादं पांढरं. शिवायला खालच्या कडेपासून सुरुवात करा आणि प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीवर अर्धी येऊ द्या, कौलं चढवतात तशी. टाके सगळे झाकले जातात आणि पोर पळालं की पिसं हलतात, फार गोड दिसतं! डोळे आणि चोच टोपीवर शिवा. मुखवटा नकोच. श्वासाची वाफ आत साचून गार पडते आणि बाजूनं येणारी गाडीही दिसत नाही. त्यापेक्षा गालांना थोडा रंग लावा.

कुणाला मावळा व्हायचं असेल, तर जॅकेटवर फ्लीसचा अंगरखा, कमरेला शेला, आणि पागोटं थेट कानटोपीवरच टाचून टाका. कानही झाकले जातात. शेल्याची टोकं मात्र नीट खोचा. पायऱ्यांवर कोरलेल्या भोपळ्यांत कुठेकुठे खऱ्या मेणबत्त्या असतात आणि फ्लीस आचेनं वितळतं. आतून सुती बनियन नको, ते घामानं ओलं राहतं. लोकरीचं किंवा थर्मल घाला. पाठीवर चकाकणारी पट्टी हवी, म्हणजे अंधारात गाडीवाल्याला मूल दिसेल.

आणि हो, सोंग अंगावर असतानाही जॅकेटची चेन उघडता आली पाहिजे. मुलांना शू नेमकी तेव्हाच लागते! आदल्या रविवारी सगळं अंगावर चढवून मुलांना थोडा वेळ अंगणात पळू द्या. कुठं टोचतंय, कुठं निसटतंय ते तेव्हाच कळेल, आणि दोन टाके घालायला वेळही हातात राहील.